‘टेस्ट पास’ हा पुरावा नव्हे

फायनल इयरच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी मला एकच धड प्रश्न विचारला होता. साल २०१९. आमच्या चौघांच्या ग्रुपने व्हेरिलॉगमध्ये एक छोटा रिस्क-फाइव्ह प्रोसेसर लिहिला होता, पाच टप्प्यांच्या पाइपलाइनसकट. सोलापुरात बसून प्रोसेसर! घरी सांगताना छाती फुगायची. सरांनी रिपोर्ट चाळला आणि विचारलं, “हा बरोबर चालतो कशावरून?”

“सर, टेस्टबेंच पास झालंय.”

“किती टेस्ट?”

“चाळीस.”

त्यांनी मान डोलावली, सही केली आणि पुढच्या ग्रुपला आत बोलावलं.

चार वर्षांनी एका रविवारी मी तोच प्रोसेसर एका फुकट मिळणाऱ्या टूलपुढे टाकला. मिनिटभरही लागलं नाही. टूलने दाखवून दिलं की आमच्या प्रोसेसरला शून्य म्हणजे शून्य हेच नीट माहीत नव्हतं.

झालं होतं ते असं. रिस्क-फाइव्हमध्ये बत्तीस रजिस्टर असतात आणि त्यातलं पहिलं, एक्स-झिरो, कायम शून्यच असावं लागतं. त्यात काहीही लिहायला परवानगी आहे, पण लिहिलेलं फेकून द्यायचं. आम्ही फेकत होतो. फक्त उशिरा फेकत होतो. पाइपलाइनमध्ये पुढच्या इन्स्ट्रक्शनला घाई असते, म्हणून आधीच्या इन्स्ट्रक्शनचं उत्तर रजिस्टरमध्ये जायच्या आतच तिच्या हातात द्यायची सोय करतात, तिला फॉरवर्डिंग म्हणतात. या सोयीत ‘उत्तर एक्स-झिरोसाठी असेल तर देऊ नकोस’ एवढी एक अट घालायची आम्ही विसरलो. एकाने एक्स-झिरोमध्ये पाच लिहिले आणि लगेच पुढच्याने एक्स-झिरो वाचलं, तर त्याला पाच मिळायचे. गंमत म्हणजे ‘काही करू नकोस’ ही रिस्क-फाइव्हची नेहमीची सूचना एक्स-झिरोमध्येच लिहिते, पण शून्य लिहिते. त्यामुळे चूक रोज शेकडो वेळा समोरून जायची आणि उत्तर बरोबर यायचं.

आमच्या चाळीस टेस्टना ती का सापडली नाही? कारण त्या टेस्टही आम्हीच लिहिल्या होत्या. जी गोष्ट डिझाइन करताना चौघांना सुचली नाही, ती टेस्ट लिहिताना त्याच चौघांना कुठून सुचणार? आपल्याच पेपरची उत्तरपत्रिका आपणच तपासत होतो आणि वर डिस्टिंक्शन घेत होतो.

हा लेख त्या सरांवर नाही. त्यांनी निदान प्रश्न तरी विचारला. हा लेख भांडतोय तो ‘चाळीस’ या उत्तरावर समाधान मानण्याच्या सवयीशी. सध्या चिप डिझाइन शिकवायचं पेव फुटलंय. सरकारने २०२१ च्या डिसेंबरात सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर केली, ‘चिप्स टू स्टार्टअप’खाली ८५,००० इंजिनिअर तयार करायचं ठरवलं, एआयसीटीईने २०२३ मध्ये व्हीएलएसआयच्या बी.टेक.चा नमुना अभ्यासक्रम आणला. गल्लोगल्ली क्लास निघाले. आणि मी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक ठिकाणी पोरांना टेस्टबेंच लिहायला शिकवतात, वेव्हफॉर्म बघायला शिकवतात, ‘पास’ हा शब्द हिरव्या अक्षरात छापायला शिकवतात. ‘हे सिद्ध कर’ असं म्हणायला शिकवत नाहीत.

आकड्यांत बघू. ३२ बिटच्या दोन संख्यांची बेरीज करणारं सर्किट घ्या. शक्य असलेल्या जोड्या दोनाचा चौसष्टावा घात इतक्या. सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासल्यात तरी सगळ्या संपायला ५८५ वर्षं लागतील. ही झाली नुसती बेरीज, आणि तीही ३२ बिटची. तुमच्या खिशातला फोन ६४ बिटचा आहे, त्याचा हिशोब मांडू नका, विश्वाचं वय कमी पडेल. त्यामुळे सिम्युलेशन म्हणजे नेहमीच चिमूटभर भात चाखून पातेल्याबद्दल बोलणं. भात एकजीव शिजतो म्हणून तिथे हे चालतं. प्रोसेसर तसा शिजत नाही. त्याच्या एका कोपऱ्यात, एका विशिष्ट क्रमाने तीन गोष्टी एकामागून एक झाल्या तरच दिसणारा खडा असतो.

फॉर्मल व्हेरिफिकेशन शितावर भरवसा ठेवत नाही. समजा, सात रस्त्याच्या सिग्नलचा कंट्रोलर तुम्ही डिझाइन करताय. टेस्टबेंचवाला म्हणेल, चला, दहा वेळा बटणं दाबून बघू. फॉर्मलवाला आधी एक वाक्य लिहील: एकमेकांना कापणाऱ्या दोन रस्त्यांना एकाच वेळी हिरवा दिवा कधीही मिळणार नाही. या वाक्याला प्रॉपर्टी म्हणतात. मग टूल तुमच्या डिझाइनचं तर्कशास्त्रातल्या एका भल्यामोठ्या समीकरणात रूपांतर करतं आणि उलटा प्रश्न विचारतं: हे वाक्य मोडेल अशी एखादी तरी वाट आहे का? पादचाऱ्याने बटण कधी दाबलं, मधेच रिसेट झालं का, अँब्युलन्सचा सिग्नल नेमका कोणत्या क्षणी आला, सगळं मोकळं सोडून. वाट असेल तर ती पायरीपायरीने तुमच्या हातात देतं: तिसऱ्या क्लॉकला हे, चौथ्याला ते, आणि पाचव्याला दोन्ही हिरवे. वाट नसेल तर नाही म्हणतं, आणि ते ‘नाही’ गणितातल्या सिद्धतेच्या तोडीचं असतं. या विचाराला मॉडेल चेकिंग म्हणतात. तो रुजवल्याबद्दल एडमंड क्लार्क, ॲलन इमर्सन आणि जोसेफ सिफाकिस यांना २००७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. म्हणजे हे काही काल आलेलं खूळ नाही.

सोलापूरच्या माणसाला खरं तर हे वेगळं समजवायची गरज पडू नये. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा साखर पेठेच्या आसपास ज्याचं लहानपण गेलं, त्याने जकार्डचं कार्ड पाहिलेलं असतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते, भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि चादरीवर मोर उमटतो. एखादं भोक पाडायचं राहिलं तर? माग थांबत नाही. तो इमानेइतबारे प्रत्येक मोराच्या पिसाऱ्यात तीच खोट विणत जातो. खोट कळते ती गिऱ्हाईक चादर उजेडात धरतं तेव्हा.

१९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियमचं नेमकं हेच झालं. भागाकार वेगाने करण्यासाठी त्यात एक तक्ता कोरलेला होता, त्यातल्या पाच खान्यांत दोन असायला हवं तिथे शून्य राहिलं. पाच भोकं राहिली म्हणा ना. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ केलं की १.३३३८२०४४ यायच्या ऐवजी १.३३३७३९०६ यायचं. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते, त्यांची बेरीज जुळेना, आणि खोट उजेडात आली. इंटेलने आधी सांगितलं की सामान्य माणसाला ही चूक २७,००० वर्षांत एकदा भेटेल. लोक ऐकेनात. डिसेंबरात कंपनीने मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल केलं आणि ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशोबात दाखवला. पुढे २०२४ मध्ये केन शिरिफ यांनी ती जुनी चिप मायक्रोस्कोपखाली धरून दाखवलं की चुकलेले खाने मुळात सोळा होते. त्यातल्या अकरांपर्यंत भागाकार कधी पोचतच नव्हता, म्हणून ते निभावले. नशीब! पण नशिबाच्या भरवशावर चिप विकायची का, हा प्रश्न त्यानंतर त्या धंद्यात कुणी गमतीने घेतला नाही. १९९५ मध्ये एएमडीने आपल्या नव्या प्रोसेसरचा भागाकार गणिताने सिद्ध करवून घेतला. इंटेलच्या लोकांनी २००९ मध्ये पेपर लिहून सांगितलं की कोअर आय-सेव्हनच्या गणिती कामाच्या भागासाठी त्यांनी टेस्टिंगच्या जागी फॉर्मल व्हेरिफिकेशन आणलं. जोडीला नव्हे, जागी.

“हे सगळं तिकडचं,” असं कुणी म्हणेल म्हणून इकडची एक गोष्ट सांगतो, अर्धी तुम्हाला माहीत असलेली. अमेरिकेने आपल्याला हवा तो सुपरकॉम्प्युटर नाकारला, मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. विज्ञान दिनाच्या दर भाषणात ही गोष्ट असते आणि असायलाही हवी. भाषणात नसते ती उरलेली अर्धी. परमच्या आत जे प्रोसेसर होते ते ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर, टी-८०० घराण्यातले. दशांश अपूर्णांकांची आकडेमोड करणारं युनिट टी-८०० च्या चिपवरच होतं, आणि त्या युनिटचं काम इनमॉस आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रोग्रामिंग रिसर्च ग्रुपने नुसत्या टेस्टवर सोडलं नव्हतं. आकडेमोडीचं आंतरराष्ट्रीय मानक त्यांनी आधी गणिती भाषेत लिहून काढलं आणि त्यावरून पायरीपायरीने, प्रत्येक पायरी बरोबर असल्याची खात्री करत, चिपमधला मायक्रोकोड उतरवला. १९९० मध्ये या कामाला ब्रिटनचा क्वीन्स अवॉर्ड मिळाला.

म्हणजे पेंटियमची फजिती व्हायच्या तीन वर्षं आधी, पुण्यात, आपल्या अभिमानाच्या यंत्राच्या पोटात, सिद्ध केलेलं गणिती युनिट धडधडत होतं. आपण ‘नाकारलं तरी करून दाखवलं’ एवढंच पाठ केलं. ‘केलं ते बरोबर आहे हे कसं दाखवायचं’ हा धडा त्याच पेटीत आला होता. पेटी उघडली, यंत्र काढलं, कागद तसाच राहिला.

आता नेहमीची कारणं. पहिलं: टूल परवडत नाहीत. मोठ्या कंपन्यांची फॉर्मल टूल महाग आहेत हे खरंच आहे. जॅस्पर नावाची अशी टूल बनवणारी कंपनी २०१४ मध्ये केडन्सने सुमारे १७ कोटी डॉलरला घेतली, यावरून बाजार कळतो. पण मी ज्या टूलने आमची चूक पकडली त्याचं नाव सिम्बीयोसिस, त्याच्या पोटात योसिस. दोन्ही ओपन सोर्स. ‘ओएसएस कॅड सूट’ नावाचं एक गाठोडं डाउनलोड केलं की टूल, सॉल्व्हर, सगळं एकत्र येतं. जुन्या बाजारातल्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर छोटा प्रोसेसर आरामात तपासता येतो. रिस्क-फाइव्हसाठी तर क्लेअर वुल्फ यांनी ‘रिस्क-फाइव्ह फॉर्मल’ नावाचा तयार प्रॉपर्टींचा संचच खुला ठेवलाय. प्रत्येक इन्स्ट्रक्शनने काय करायला हवं, हे तुम्हाला लिहावंही लागत नाही, फक्त तुमचा प्रोसेसर त्याला जोडून द्यायचा. त्यामुळे ‘परवडत नाही’ म्हणणाऱ्या क्लासवाल्याला विचारा, तुमची फी लाखाच्या वर का आहे मग?

दुसरं: गणित अवघड आहे, आपल्या पोरांना झेपणार नाही. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. प्रॉपर्टी लिहायला लागतं ते अकरावीतलं तर्कशास्त्र: ‘जर हे, तर ते’. अवघड गणित सॉल्व्हरच्या पोटात आहे, ते तुम्हाला करायचं नाही. अवघड एकच आहे, आपल्याला नेमकं काय हवंय ते एका वाक्यात सांगणं. ते पोरांना झेपत नाही असं नाही, ते कुणी त्यांच्याकडे मागितलेलं नाही. आणि शिकायचंच असेल तर आयआयटी गुवाहाटीच्या प्राध्यापकांचा व्हेरिफिकेशनवरचा कोर्स एनपीटीईएलवर फुकट आहे. आयआयटी मुंबईत सॉफ्टवेअरच्या फॉर्मल डिझाइन आणि व्हेरिफिकेशनसाठी वेगळं केंद्र आहे, पुण्यात टीसीएसच्या टीआरडीडीसीमध्ये प्रोग्राम तपासणाऱ्या टूलवर वर्षानुवर्षं संशोधन चाललंय. सकाळची हुतात्मा पकडली तर जेवायच्या आत पोचता येईल इतक्या अंतरावर ही माणसं आहेत. त्यातल्या एकाला बोलावून कार्यशाळा घ्यायला किती खर्च येतो? गॅदरिंगच्या डीजेपेक्षा कमी.

तिसरं कारण मात्र खरं आहे आणि म्हणून जास्त धोक्याचं: “दादा, इंटरव्ह्यूला यूव्हीएम विचारतात.” हो, विचारतात. यूव्हीएम म्हणजे सिम्युलेशनचीच शिस्तशीर, भरभक्कम पद्धत, ती शिकाच. पूर्ण चिपवर लिनक्स चढतंय का, हे बघायला सिम्युलेशनशिवाय गत्यंतर नाही, आणि मी काही सिम्युलेशन बंद करा म्हणत नाहीये. पण विल्सन रिसर्चच्या २०२४ च्या पाहणीत पहिल्याच खेपेला बिनचूक निघालेल्या एएसआयसी प्रोजेक्टचं प्रमाण फक्त १४ टक्के आलं. जगभरातल्या पगारदार, अनुभवी टीमची ही गत. त्याच वाटेवर आणखी ८५,००० जण उभे केले तर चुका कमी होतील की चुका करणारे वाढतील?

आता फॉर्मलवाल्यांच्याही झाकल्या मुठी उघडतो, नाहीतर मीच क्लासवाला ठरेन. टूल तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं. न विचारलेल्या प्रश्नावर ते गप्प बसतं. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर बाहेर आले, तेव्हा त्या प्रोसेसरांची उत्तरं चुकत नव्हती. उत्तर यायला लागणाऱ्या वेळेतून गुपितं गळत होती. गुपित गळतं का, हा प्रश्नच प्रॉपर्टींच्या यादीत नव्हता. शिवाय डिझाइन मोठं झालं की शक्य अवस्थांची संख्या इतकी फुगते की टूल रात्रभर पंखा फिरवून सकाळी हात वर करतं, गुणाकाराच्या सर्किटवर तर हमखास.

आणि एक चूक माझ्या स्वतःची. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका ब्लॉकसाठी बत्तीस प्रॉपर्टी लिहिल्या आणि पहिल्याच रनमध्ये बत्तीसच्या बत्तीस सिद्ध! टीममध्ये पेढे वाटायचेच बाकी होते. शेजारच्या सीनियर मॅडमनी फक्त एवढंच विचारलं, “रिसेट सुटतोय का?” सुटत नव्हता. मी घातलेल्या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध होत्या, त्यामुळे टूलच्या दृष्टीने ब्लॉक कधी सुरूच होत नव्हता. वर्गात एकही मूल नसेल तर ‘सगळी मुलं शांत आहेत’ हे विधान सिद्धच असतं. त्या दिवसापासून मी हिरव्या रंगावर संशय घेतो. पण बघा, टेस्टबेंचच्या हिरव्यावर असा संशय घ्यायला मला चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

मोठ्यांकडेही एक मागणं आहे. आयआयटी मद्रासचा शक्ती, सी-डॅकचा वेगा, आयआयटी मुंबईचा अजित, आणि २०२५ च्या सप्टेंबरात सेमिकॉन इंडियात दाखवलेला इस्रो आणि एससीएलचा विक्रम ३२०१. हे खरे प्रोसेसर आहेत, खऱ्या माणसांनी वर्षं घालून केलेले, आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यांच्या बातम्या काढून बघा. किती बिट, किती नॅनोमीटर, किती मेगाहर्ट्झ, आणि शेवटी तिरंगा. या चिपबद्दल काय काय सिद्ध केलं, हे बातमीत येत नाही, कारण विचारायचं असतं हेच पत्रकाराला, वाचकाला, तुम्हाला-मला माहीत नाही. रॉकेटात बसणाऱ्या चिपबद्दल तरी आपण ते विचारायला हवं. मला बातमीत आणखी एक ओळ हवी आहे: इतक्या प्रॉपर्टी, इतक्या सिद्ध, इतक्या अमुक क्लॉकपर्यंतच तपासल्या, आणि या राहिल्या. राहिलेल्यांची यादी छापायला लाज वाटायचं कारण नाही. लाज ‘चाळीस’ या उत्तराची वाटायला हवी.

आणि कॉलेजांकडे त्याहून छोटं मागणं आहे. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आभाराचं पान असतं, त्यात गाइडपासून लॅब असिस्टंटपर्यंत सगळे असतात. त्याच्यापुढे एक पान प्रॉपर्टींचं घाला. पाच चालतील. बाहेरून आलेल्या सरांना सही करायच्या आधी निदान वाचायला काहीतरी मिळेल.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका पोराचा फोन आला. थर्ड इयरला आहे, वडील मागावर, त्यानेही रिस्क-फाइव्ह प्रोसेसर लिहिलाय. “दादा, साठ टेस्ट पास झाल्यात, आता पुढं काय करू?” मी त्याला टूलची लिंक पाठवली आणि म्हणालो, एकच ओळ लिही, एक्स-झिरो वाचलं की शून्यच मिळालं पाहिजे. रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला. लाल अक्षरं, फेल. खाली लिहिलं होतं, “दादा सगळी मेहनत वाया गेली वाटतं.”

मी विचारलं, “कितव्या क्लॉकला?”